ग्लीसन श्रेणी : नजरेची तालीम कशी व्हावी?

नेदरलँड्समधल्या ४० पॅथॉलॉजी प्रयोगशाळांनी २०१७ ते २०१९ या काळात प्रोस्टेट कॅन्सरच्या बायोप्सींचे जे अहवाल दिले, ते एकत्र करून तिथल्या संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. कॅन्सर किती उग्र आहे ते सांगणाऱ्या ग्लीसन श्रेणींपैकी सर्वांत सौम्य, म्हणजे ग्रेड ग्रुप १, यातल्या किती बायोप्सींना मिळाली? अहवाल पस्तीस हजारांहून जास्त होते. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ टक्के. पण एका टोकाच्या प्रयोगशाळेत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आत होतं आणि दुसऱ्या टोकाला ४४ टक्क्यांच्या वर. देश लहान, आरोग्यव्यवस्था एकसंध, मार्गदर्शक सूचना एकच. रुग्णांमध्ये ठिकठिकाणी थोडाफार फरक असणारच, पण दुपटीहून मोठी तफावत रुग्णांच्या माथी मारता येत नाही. तिचा मोठा वाटा स्लाइड बघणाऱ्या नजरेकडे जातो.

या तफावतीवर उपाय म्हणून गेली पंचवीस वर्षं ऑनलाइन प्रशिक्षणाचं नाव घेतलं जातं. उपाय चांगला आहे, स्वस्त आहे, आणि तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडण्यात काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ठळक चित्रं, प्रत्येकाचं एकच बरोबर उत्तर आणि शेवटी प्रमाणपत्र, अशा ओळखीच्या साच्यात ते दिलं, तर दुखऱ्या जागेला हातच लागत नाही. प्रशिक्षण सक्तीचं करायचं असेल तर आधी ते बदलावं लागेल.

मुळात ही श्रेणी ठरते कशी, ते थोडक्यात सांगायला हवं. डोनाल्ड ग्लीसन हे अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधल्या, माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट. कॅन्सर किती उग्र आहे हे ठरवायला पेशीच्या केंद्रकात डोकावायचं, ही तेव्हाची सर्वसाधारण रीत होती. १९६६ मध्ये ग्लीसननी मांडलेल्या पद्धतीत केंद्रकाला स्थानच नव्हतं. कमी भिंगातून बघायचं आणि ग्रंथींची मांडणी किती बिघडली आहे तेवढंच ठरवायचं. सुट्या, गोल, नीट तोंड असलेल्या ग्रंथी एका टोकाला. ग्रंथी बनवणंच विसरलेल्या, एकेकट्या विखुरलेल्या पेशी दुसऱ्या टोकाला. मधल्या पायऱ्या धरून पाच नमुने झाले, आणि त्यांची चित्रं त्यांनी स्वतः काढली. एकाच ट्यूमरमध्ये बऱ्याचदा दोन नमुने असतात आणि रुग्णाचं पुढे काय होतं ते दोहोंच्या मधे कुठेतरी पडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी दोन्हींची बेरीज केली (जास्त पसरलेल्या नमुन्याचा आकडा आधी), तोच ग्लीसन स्कोअर. या सगळ्याच्या मुळाशी रुग्णांच्या मृत्यूंची नोंद होती. कोणत्या नमुन्याचे रुग्ण पुढे किती दगावले, हे बघून पायऱ्या लावलेल्या होत्या. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

पद्धतीत नंतर बरेच फेरफार झाले. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ यूरोलॉजिकल पॅथॉलॉजी, म्हणजे आयएसयूपी, या संघटनेने २००५, २०१४ आणि २०१९ मध्ये नियम नव्याने लिहिले. २ ते ५ हे स्कोअर बायोप्सीतून जवळपास हद्दपार झाले, म्हणजे दहापैकी सहा गुण मिळालेला माणूस प्रत्यक्षात सर्वांत खालच्या पायरीवर आला. हा घोळ मिटवायला १ ते ५ असे ग्रेड ग्रुप आले. ३+३ म्हणजे ग्रुप १. ३+४ म्हणजे २. ४+३ म्हणजे ३. ८ म्हणजे ४. आणि ९ किंवा १० म्हणजे ५. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या वर्गीकरणात ते स्वीकारले.

आता या पायऱ्यांवर काय काय टांगलेलं आहे ते बघू. ग्रुप १ असेल तर बहुतेक वेळा काहीच न करता लक्ष ठेवायचं, अधूनमधून पीएसए ही रक्ताची चाचणी, एमआरआय आणि गरज पडली तर पुन्हा बायोप्सी. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या चाचणीत १,६४३ पुरुषांना लक्ष ठेवणं, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून दिलं होतं. त्यांचा १५ वर्षांचा हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू एकूण २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. यातले बहुतेक रुग्ण सौम्य आजाराचे होते, हे खरं. पण मुद्दा तोच आहे. सौम्य आजाराला सौम्य म्हणता आलं, तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाण्याचा धोका माणसाला विनाकारण पत्करावा लागत नाही. वरच्या पायऱ्यांवर हिशेब वेगळा होतो. ३+४ ला अनेकदा एकटं रेडिएशन पुरतं. ४+३ झालं की त्याच्या जोडीला चार ते सहा महिने हार्मोन बंद करणारी औषधं सुचवली जातात. ग्रुप ४ किंवा ५ झाला की तीच औषधं दीड ते तीन वर्षं. अहवालातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की माणसाच्या पुढच्या काही वर्षांचा रंग बदलतो. आणि तो आकडा सुईने काढलेल्या, दोऱ्याएवढ्या जाड ऊतीच्या गुलाबी-जांभळ्या पट्टीकडे बघून कुणीतरी ठरवलेला असतो.

ठरवणारे एकमेकांशी किती सहमत असतात? हे मोजायला कप्पा नावाचा आकडा वापरतात. दोघांचं मत निव्वळ योगायोगाने जितक्या वेळा जुळलं असतं तेवढं वजा करायचं, आणि उरलेलं एकमत मोजायचं. शून्य म्हणजे नुसता योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जॉर्जिया राज्यातल्या ४१ सर्वसाधारण पॅथॉलॉजिस्टना ३८ स्लाइड दाखवल्या होत्या. या स्लाइडवर तज्ज्ञांचं आधीच एकमत झालेलं होतं, म्हणजे त्या त्यातल्या त्यात सोप्याच. तरी कप्पा निघाला ०.४३५, जेमतेम मध्यम. चुकांचा कल श्रेणी कमी लावण्याकडे होता. तज्ज्ञांची स्थिती बरी असते, पण आदर्श नसते. २०२० मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात आलेल्या स्वीडिश अभ्यासात जगभरातल्या २३ नामवंत तज्ज्ञांनी त्याच ८७ बायोप्सी वाचल्या. त्यांचा आपसातला कप्पा ०.६० ते ०.७३ होता. (कप्पाचे प्रकार अनेक असतात, तेव्हा या लेखातले आकडे एकमेकांशी ताडून बघण्याचा मोह आवरावा.)

खुद्द ग्लीसननी आपल्याच जुन्या स्लाइड पुन्हा वाचल्या, तेव्हा आधीचाच स्कोअर त्यांना साधारण निम्म्या वेळा देता आला, आणि एका गुणाच्या फरकाने धरलं तर ८५ टक्के वेळा. ज्या माणसाने चित्रं काढली त्याची ही गोष्ट. त्यांनी ती लपवली नाही, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

म्हणून मतभेद दिसला की हलगर्जीपणाचा आरोप करणं मला पटत नाही. ग्रंथींचा बिघाड ही सलग उतरण आहे, आणि आपण तिच्यावर पायऱ्या कोरल्या आहेत. पायरीच्या मधोमध असलेली स्लाइड सगळे सारखीच वाचतात. कडेवरची स्लाइड कुणी वर ढकलतो, कुणी खाली. त्यातही प्रत्येक कड सारखी निसरडी नसते. क्रिब्रिफॉर्म म्हणतात त्या ग्रंथी, म्हणजे पेशींच्या मोठ्या पुंजक्यात गोल छिद्रं पडलेल्या, ओळखायला तुलनेने सोप्या. २०१४ पासून त्या सगळ्या सरसकट नमुना ४ मध्ये जातात, आणि त्यांचं भवितव्य वाईट असतं याबद्दलही वाद नाही. खरी कटकट आहे ती अर्धवट घडलेल्या ग्रंथींची. ग्रंथीचं तोंड नीट उघडलेलंच नाही, की ते आहे पण काप तिच्या कडेवरून गेला म्हणून दिसत नाही? पहिलं असेल तर नमुना ४, दुसरं असेल तर नमुना ३. २०१५ मध्ये १७ तज्ज्ञांना नेमकं याच ग्रंथींबद्दल विचारलं तेव्हा कप्पा ०.३४ होता. ग्रुप १ आणि ग्रुप २ यांच्यामधली, म्हणजे लक्ष ठेवायचं की उपचार करायचे या निर्णयाची सीमारेषा बऱ्याचदा याच ग्रंथींच्या झुबक्यातून जाते.

आता प्रशिक्षणाकडे वळू. ते उपयोगी ठरतं, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पॅथॉलॉजिस्टनी इंटरनेटवर एक मोफत पाठ ठेवला होता आणि त्याचे निष्कर्ष २००० मध्ये कॅन्सर या नियतकालिकात छापले. शेकडो पॅथॉलॉजिस्टनी पाठाआधी आणि पाठानंतर सुईच्या बायोप्सीच्या त्याच २० चित्रांना श्रेणी दिल्या, आणि बहुतेक चित्रांच्या बाबतीत उत्तरं सुधारली. ते इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून खुरडत येणारं, चित्र वरून खाली ओळीओळीने उलगडणारं. तेवढ्या तुटपुंज्या साधनावर हे घडलं. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये संदर्भचित्रं शेजारी ठेवली की श्रेणी जास्त जुळतात असं दिसलं, आणि २००३ मध्ये जपानमधून शिकवणीने एकमत वाढल्याचा अनुभव आला. म्हणजे शिकवून उपयोग होतो का, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. नेदरलँड्सचे आकडे त्यानंतरचे आहेत. उपाय ठाऊक असूनही तफावत तशीच राहिली असेल, तर उपाय देण्याच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय.

माझ्या मते पहिली चूक चित्रांच्या निवडीत होते. शिकवणारा नेहमीच सुंदर उदाहरण उचलतो. नमुना ३ चा देखणा नमुना, नमुना ४ चा देखणा नमुना, मध्ये स्वच्छ भिंत. असल्या चित्रांवर पॅथॉलॉजिस्टांचं मुळातच एकमत असतं. जिथे गरज आहे तिथे, म्हणजे ३ आणि ४ च्या सांध्यावर, पाठ पटकन पुढे सरकतो, कारण तिथे शिकवणाऱ्याचीही पंचाईत होते. तीस स्लाइडच्या पाठात वीस स्लाइड या सांध्यावरच्या असाव्यात. बाकीचं पाठ्यपुस्तकात आहे.

दुसरी चूक अशी, की चौकट आधीच आखलेली असते. छायाचित्र दाखवणं म्हणजे कुठे बघायचं हे आधीच सांगून टाकणं. रोजच्या कामात बारा बारा पट्ट्या समोर असतात, त्यातल्या एका पट्टीच्या टोकाला संशयास्पद झुबका असतो, आणि तो मुळात दिसायला लागतो. शिवाय शंका आली तर खालच्या पातळीचा पुढचा काप मागवता येतो. कडेवरून गेलेल्या कापाचा घोळ तिथेच उलगडतो. संपूर्ण स्लाइड स्कॅन करण्याची यंत्रं आता सर्रास आहेत. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०१७ मध्ये अशा डिजिटल स्लाइडवरून प्राथमिक निदान करायलाही परवानगी दिली. तरीही एक कापलेलं छायाचित्र आणि खाली चार पर्याय, या थाटाचे पाठ चालू राहावेत याला आळसाखेरीज कारण नाही. प्रशिक्षणार्थ्याला पूर्ण स्लाइड द्यावी, एकाच पट्टीचे तीन काप द्यावेत, कोणत्या भिंगावर त्याने निर्णय घेतला ते नोंदवावं. अर्धवट ग्रंथी मोठ्या भिंगातून शोधत बसलं की त्या सापडतातच. साध्या, मध्यम भिंगातून त्या सहज दिसल्या तरच मोजाव्यात, हा संकेत पुस्तकात वाचून कुणाच्या हाताला लागत नाही.

तिसरी चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सांध्यावरच्या स्लाइडला एकच बरोबर उत्तर असतं असं भासवलं जातं. प्रशिक्षणार्थी ३+३ म्हणतो, पडद्यावर लाल फुली येते आणि ३+४ झळकतं. ते उत्तर कुणाचं? एका प्राध्यापकाचं? तेवीस तज्ज्ञांतल्या तेरांचं? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयएसयूपीने पॅथॉलॉजी इमेजबेस नावाचा संग्रह उभा केला, तो यासाठीच मोलाचा आहे. त्यात प्रत्येक स्लाइडवर निवडक तज्ज्ञ स्वतंत्रपणे, एकमेकांची मतं न बघता श्रेणी देतात, आणि दोन-तृतीयांश एकमत झालं तरच ती श्रेणी प्रमाण मानतात. बऱ्याच स्लाइडवर तेवढंही एकमत झालं नाही. एकमत झालेल्या स्लाइड संदर्भासाठी वापराव्यात हे ठीकच, पण शिकवायला उरलेल्या जास्त उपयोगी पडतील. पडद्यावर फुली येण्याऐवजी मतांची वाटणी यावी : चौदा जणांनी ग्रुप १ म्हटलं, नऊ जणांनी ग्रुप २, आणि तुम्ही या नऊ जणांत आहात. एका स्लाइडवर नऊ जणांत असणं यात वावगं काहीच नाही. पण वीसपैकी सतरा स्लाइडवर तुम्ही कायम चढत्या बाजूच्या अल्पमतात असाल, तर ही बाब तुम्हाला कळलीच पाहिजे, आणि ती लाल फुल्या मोजून कधीच कळत नाही.

नजर जुळवणं हे तंबोरा जुळवण्यासारखं आहे. एकदा जुळवला म्हणून तो जुळलेला राहत नाही. पाठ संपल्यावर लगेच घेतलेल्या परीक्षेतली प्रगती वर्षभराने किती उरते, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. वर्षातून एकदा आठ तासांचा अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र भिंतीला लावण्यापेक्षा दर महिन्याला चार-पाच अवघड स्लाइड, कामाच्या धबडग्यात अर्ध्या तासात संपतील एवढ्या, हे मला कितीतरी पटीने योग्य वाटतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, सगळे एकसारखं वाचू लागले की काम झालं. ते तसं नाही. सगळे मिळून एकाच दिशेने सरकूही शकतात, आणि एकदा असं घडलेलं आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात १९९० ते १९९२ मध्ये निदान झालेल्या १,८५८ पुरुषांच्या बायोप्सी सुमारे दहा वर्षांनी पुन्हा वाचल्या गेल्या. सरासरी ग्लीसन स्कोअर ५.९५ वरून ६.८ वर गेला. स्लाइड त्याच, माणसं तीच, ज्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं. पण नव्या श्रेणीनुसार गट पाडून हिशेब केला तर मृत्युदर १०० व्यक्ती-वर्षांमागे २.०८ वरून १.५० वर आला, म्हणजे २८ टक्क्यांनी घटला. एकाही रुग्णाचं आयुष्य एक दिवसानेही न वाढता. कारण उघड आहे. खालच्या गटातले थोडे वाईट रुग्ण वरच्या गटात गेले, त्यामुळे खालचा गट सुधारला. आणि वरच्या गटात ते इतरांपेक्षा बरे, त्यामुळे तोही सुधारला. ओक्लाहोमाचे लोक कॅलिफोर्नियाला गेले आणि दोन्ही राज्यांची सरासरी बुद्धिमत्ता वाढली, असा एक विनोद विल रॉजर्स या अमेरिकी विनोदवीराच्या नावावर सांगतात. वैद्यकात या प्रकाराला त्याचंच नाव पडलं आहे.

ऑनलाइन प्रशिक्षणात हा धोका वाढतो, कमी होत नाही. एकच पाठ जगभर गेला आणि त्यात श्रेणी किंचित चढी लावायची सवय असेल, तर ती सवय जगभर जाईल, आणि कप्पा मात्र झकास येईल. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या परीने चुकत होती, आता सगळ्या मिळून चुकतील. यावर तोड एकच दिसते, ती ग्लीसननी केलेली : पुढे रुग्णाचं काय झालं त्याच्याशी गाठ मारायची. प्रशिक्षणाच्या संग्रहात काही स्लाइड तरी दहा-पंधरा वर्षं पाठपुरावा झालेल्या रुग्णांच्या असाव्यात, आणि श्रेणी दिल्यानंतर तज्ज्ञांच्या मतांसोबत त्या रुग्णाचं पुढे काय झालं तेही दिसावं. मधल्या काळातल्या उपचारांमुळे हा धागा गुंतागुंतीचा होतो, आणि एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. तरीही आपण लावलेल्या श्रेणीचा माणसाशी काही संबंध आहे, हे अधूनमधून दिसलेलं बरं.

याला दोन मोठे आक्षेप घेतले जातात. पहिला : सगळ्या पॅथॉलॉजिस्टना शिकवत बसण्यापेक्षा प्रोस्टेटच्या सगळ्या बायोप्सी मोजक्या तज्ज्ञांकडेच पाठवा. कल्पना वाईट नाही, आणि सीमेवरच्या स्लाइडसाठी दुसरं मत घ्यायलाच हवं. पण जगात २०२२ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरचे सुमारे १४ लाख ७० हजार नवे रुग्ण नोंदले गेले, आणि लॅन्सेटच्या आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०४० पर्यंत वर्षाला २९ लाख होतील. ज्यांच्यात शेवटी कॅन्सर सापडत नाही अशा बायोप्सी वेगळ्याच. एवढा ढीग मूठभर लोकांच्या टेबलावर लोटून भागणार नाही. शिवाय कोणती स्लाइड सीमेवरची आहे हे ओळखायलाही आधी नजर लागते.

दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. दोन-चार वर्षांत यंत्रच श्रेणी लावणार, मग माणसांना कशाला घासायचं? २०२० च्या पांडा स्पर्धेत नेदरलँड्स आणि स्वीडनमधल्या दहा हजारांहून जास्त बायोप्सी खुल्या केल्या गेल्या, ६५ देशांतल्या लोकांनी प्रणाल्या बनवल्या, आणि त्यांतल्या निवडकांचं तज्ज्ञांशी जुळणारं उत्तर पाहता कप्पा ०.८६ च्या आसपास आला. कामगिरी दणदणीत आहे, यात शंका नाही. पण यंत्राला शिकवलं कुणी? पॅथॉलॉजिस्टांनी लावलेल्या श्रेणींनी. गुरूंची नजर जिथे डळमळते तिथे शिष्याला ठाम उत्तर येत असेल, तर तो ठामपणा कुठून आला हे विचारावं लागेल. मला या क्षेत्रातला वेगळाच एक प्रयोग जास्त आश्वासक वाटला. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १४ जणांना १६० बायोप्सी आधी स्वतः आणि मग यंत्राच्या मदतीने वाचायला दिल्या. तज्ज्ञांच्या प्रमाण श्रेणीशी जुळण्याचा कप्पा ०.७९९ वरून ०.८७२ वर गेला. म्हणजे यंत्राचा उत्तम उपयोग शिकवणीचा जोडीदार म्हणून होऊ शकतो. अर्धवट ग्रंथींचा झुबका तुम्ही मोजलात की सोडलात, हे यंत्र त्याच क्षणी दाखवू शकतं. मात्र यंत्र कुठे फसतंय हे कळायला माणसाची नजर तयार हवीच. ती सुटली तर यंत्राला थांबवणारं कुणी उरत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट प्रशिक्षणाच्या बाहेरची आहे, आणि तिच्याशिवाय प्रशिक्षण लुळं पडतं. परीक्षेत माणूस वेगळा वागतो. समोर रुग्ण नसतो, फोन वाजत नसतो, आपल्याला तपासलं जातंय हे ठाऊक असतं. खरी नजर दिसते ती रोजच्या अहवालांत. तुम्ही गेल्या वर्षी किती जणांना ग्रुप १ दिला, तुमच्या शेजारच्या सहकाऱ्याने किती, देशाची सरासरी किती, हे प्रत्येकाला वर्षाकाठी कळायला हवं. नेदरलँड्समध्ये हे शक्य होतं, कारण तिथे सगळे पॅथॉलॉजी अहवाल एका राष्ट्रीय नोंदवहीत जातात. स्तनाच्या कॅन्सरच्या श्रेणीबाबत तिथे प्रयोगशाळांना असे आकडे पाठवलेही गेले, आणि त्यानंतर तफावत काही अंशी कमी झाली. आकडे बघून ज्याला आपण टोकाला आहोत असं दिसेल, त्याला पाठ उघडायला वेगळं सांगावं लागत नाही.

हे आकडे कुणाच्या हाती जातात, याबाबत मात्र मी आग्रही आहे. ते त्या व्यक्तीला आणि तिच्या विभागाला मिळावेत. नोकरी, बढती किंवा परवान्याशी त्यांची सांगड घालू नये. नाहीतर लोक स्लाइडकडे बघण्याऐवजी सरासरीकडे बघून श्रेणी लावतील, आणि आकडे आपोआप शहाणे होतील. प्रशिक्षण सक्तीचं म्हणजे त्यात भाग घेणं सक्तीचं, गुण सक्तीचे नव्हेत. आणि त्यासाठीचा वेळ नोकरीच्या वेळातला हवा. रात्री घरी बसून, थकल्या डोळ्यांनी, सुट्टीच्या हिशेबात केलेली तालीम कशी होते ते सांगायला नको.

प्रशिक्षणाच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. सुई चुकीच्या जागी शिरली तर कितीही जुळलेली नजर उपयोगाची नाही. जॉन्स हॉपकिन्सच्याच एका मोठ्या मालिकेत बायोप्सीत ५ किंवा ६ स्कोअर आलेल्या सुमारे ३६ टक्के रुग्णांची श्रेणी, शस्त्रक्रियेने काढलेली पूर्ण ग्रंथी तपासल्यावर वर गेली. यातला काही भाग वाचण्यातल्या फरकाचा, पण बराचसा सुईला न सापडलेल्या कॅन्सरचा. हा दोष एमआरआय बघून नेमक्या जागी सुई घातल्याने कमी होतो, पाठाने होत नाही. पाठाने जे साधायचं नाही त्याचं खापर पाठावर फोडू नये, आणि जे साधतं ते कमी लेखू नये.

अहवालाची भाषा मात्र पाठाने बदलू शकते. नमुना ४ किती टक्के आहे हे लिहायची शिफारस आता रूढ झाली आहे. ३+४ पण नमुना ४ फक्त ५ टक्के, आणि ३+४ पण नमुना ४ चाळीस टक्के, हे एकाच ग्रुपमधले दोन वेगळे आजार आहेत म्हणा ना. पहिल्या अहवालातून उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळतं की हा रुग्ण सीमेवर आहे, दुसऱ्या कुणी त्याला ग्रुप १ म्हटलं असतं. मतभेद इथे आकड्याच्या रूपाने उघड होतो, आणि रुग्णाशी बोलताना त्याचा उपयोग होतो. सीमेवरच्या स्लाइडवर विभागातल्या आणखी कुणाची नजर फिरली की नाही, तेही अहवालात लिहायची सवय लागावी. मतांची वाटणी बघत शिकलेल्या पॅथॉलॉजिस्टला यात कमीपणा वाटणार नाही.

शेवटचा अडसर वरून आलेला आहे, आणि तो खालच्या पॅथॉलॉजिस्टने सोडवायचा नाही. ग्रंथींच्या जुन्या नळ्यांमध्ये पसरलेल्या कॅन्सरला, म्हणजे इंट्राडक्टल कार्सिनोमाला, श्रेणीत धरायचं की नाही? बाहेर पसरलेला कॅन्सर सोबत असेल तर धरा, असं आयएसयूपीने २०१९ मध्ये सांगितलं. जेनिटोयुरिनरी पॅथॉलॉजी सोसायटीने त्याच वर्षी नेमकं उलट सांगितलं : धरू नका, त्याची वेगळी नोंद करा. दोन्हीकडे नामवंत माणसं, दोन्हीकडे युक्तिवाद. आता पाठ बनवणाऱ्याने काय करावं? एका संघटनेचा पाठ घेतला तर तीच स्लाइड ग्रुप ४ होऊ शकते, दुसरीचा घेतला तर ग्रुप २. एकवाक्यता शिकवणाऱ्यांचीच एकवाक्यता नसताना, आपल्या बाजूचं उत्तर बरोबर आणि दुसरं चूक म्हणून दाखवणारा पाठ बाजारात येऊ देऊ नये. दोन्ही संघटनांनी ठरावीक मुदतीत एकत्र बसून हा एक प्रश्न तरी मिटवावा. तोवर प्रत्येक पाठात अशा स्लाइडखाली दोन्ही उत्तरं आणि दोन्ही नियम छापावेत, आणि अहवालात आपण कोणता नियम पाळला ते एका ओळीत लिहिणं बंधनकारक करावं.